सासऱ्यासमोरचं इंग्रजी

माझी सून झरीन इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत नापास झाली, तेव्हा मी पहिली शिवी घातली त्या परीक्षेला, दुसरी तिला शिकवणाऱ्या वेदिकाच्या क्लासला आणि तिसरी आमीरला. आमीर माझा मुलगा. तो तिकडे विलायतेत, लेस्टरला आणि मी इकडे राजिवड्यात, त्यामुळे ती त्याला काही लागली नाही. पण मला तेवढंच बरं वाटलं.

गोष्ट अशी, की आमीर तिकडे कायमचा झालाय. निकाहला आला, महिनाभर राहिला आणि परत गेला. त्याला आता दोन वर्षं होत आली. बायकोला न्यायचं तर तिला इंग्रजी बोलता येतं हे आधी तिकडच्या सरकारला पटवायचं. मुंबईला जायचं, एका साहेबासमोर बसायचं, तो विचारील त्याला उत्तरं द्यायची. घरात कोण कोण आहे, काल काय जेवलीस, सुट्टीत काय करतेस. झालं. बी.ए. झालेली पोर यात नापास होते म्हणजे काय?

'काय विचारलंन तुला?' मी विचारलं.

झरीन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कपाळापर्यंत ओढणी, नजर पायाच्या अंगठ्यावर. आमच्यात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. ती खतिजाच्या कानाशी लागली आणि खतिजाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला सांगितलं, 'सोप्पंच विचारलंन म्हणते.'

'मग?'

पुन्हा कानाशी. 'मग नाय जमलं म्हणते.'

'अगो, नाय जमलं म्हणजे काय? परीक्षा काय कप्तानाची होती?'

मी उठून पडवीत गेलो, तिथून अंगणात आणि अंगणातून परत पडवीत. बसवेना.

मला एवढी कसली घाई, तेही सांगून टाकतो. मी जहाजावर सारंग होतो. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. उभी हयात मालाच्या बोटींवर गेली. वर्षाकाठी महिना-दीड महिना घरी, की परत. आमीर जन्मला तेव्हा मी ब्राझीलच्या कुठल्यातरी बंदरात साखर चढवत होतो. घरी आलो तर पोर चालायला-बोलायला लागलेलं. मला बघून आईच्या मागे लपलं आणि विचारलंन, 'हे कोण आले?' ते अजून माझ्या छातीत रुतून आहे. मी काय सोसलं ते माझं मला ठाऊक. तेव्हा माझ्या मुलाचं लग्न तरी फोनवर चालायला नको, दोघांनी एका ताटात जेवावं, भांडावं, पोरं वाढवावी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको.

मग झरीन नापास का झाली याचा शोध मीच लावला. वेदिकाने तिच्याकडून लिहून घेतलेले सरावाचे पेपर घरात टेबलावर पडले होते. पाहतो तो सगळ्यावर लाल खुणा, आणि सगळ्या त्या बारक्या शब्दांवर. अ, ॲन आणि द. कुठे हवा तिथे नाही, कुठे नको तिथे घातलेला. म्हटलं, सापडला चोर!

दुसऱ्या दिवशी मारुती मंदिराजवळ वेदिकाचा क्लास आहे तिथे जाऊन थडकलो. वेदिका मालगुंडची. वयाने लहान पण हुशार मुलगी. मला चाचा म्हणते.

'चाचा, या परीक्षेत आर्टिकलसाठी कोणी नापास करत नाही,' ती म्हणाली. 'समजेल असं बोललं की पास.'

'मग लाल रेघा कशाला मारल्यास?'

'शिकवायचं तर नीट शिकवायला नको?'

मला काही ते पटलं नाही. मी तिच्याकडून नेहमीच्या वापरातल्या वाक्यांचा एक छापील कागद घेतला आणि तिथेच बाकावर बसून वाचायला लागलो. वाचता वाचता माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी म्हणायचं तर 'इन द मॉर्निंग' आणि रात्री म्हणायचं तर नुसतं 'ॲट नाइट'.

'का? रात्रीने काय घोडं मारलंय?'

'चाचा, ते तसंच आहे.'

'आणि हे काय? गो टू हॉस्पिटल, गो टू द हॉस्पिटल, दोन्ही बरोबर?'

'तुम्ही आजारी पडून गेलात तर गो टू हॉस्पिटल. मी तुम्हाला बघायला आले तर गो टू द हॉस्पिटल.'

'म्हणजे जो मरायला टेकलाय त्याला द नाही, आणि जो नारळपाणी घेऊन येतो त्याला द!'

ती हसायला लागली. म्हणाली, 'जागा ज्या कामासाठी असते त्याच कामाला गेलात तर द लावायचा नाही. तुम्ही बोटीवर नोकरीला गेलात ते गो टू सी. पोरं भाट्याच्या किनाऱ्यावर खेळायला जातात ते गो टू द सी.'

ज्याच्या जिवावर मी जल्मभर भाकरी खाल्ली त्याला द नाही, आणि भेळ खायला जाणाऱ्यांना द. धन्य आहे! मी कागदाची घडी करून खिशात घातली. जहाजावर ग्रीक कप्तान आणि फिलिपिनो मेट, म्हणजे त्याच्या हाताखालचे अधिकारी, यांच्याशी मी वर्षानुवर्षं बोललो ते सगळं या बारक्या शब्दांशिवाय. 'लेट गो अँकर.' 'स्लॅक रोप.' अँकर पडायचा, रोप सैल व्हायचा, कोणाचं काही अडलं नाही. पण परीक्षा माझी नव्हती.

त्या दिवसापासून असरची, म्हणजे दिवस कलतानाची, नमाज झाली की मी पडवीत खुर्ची टाकायचो आणि हाक मारायचो. झरीन यायची, चौकटीला टेकून उभी राहायची. खतिजा मध्ये तांदूळ निवडत बसायची.

'घाईत आहे, याला काय म्हणशील? आय ॲम इन हरी, की आय ॲम इन अ हरी?'

ओढणीतून काहीतरी पुटपुट यायची.

'काय? मोठ्याने!'

आणखी बारीक पुटपुट.

'अगो, तोंडात सुपारी धरलीस काय? डोकं दुखतंय, बोल! आय हॅव हेडेक? आय हॅव अ हेडेक? आठवड्यातून एकदा, बोल! बसने आली, बाय बस की बाय द बस?'

मी जितका वर चढायचो तितकी ती खाली जायची. शेवटी मला नुसते हलणारे ओठ दिसायचे. खतिजा म्हणायची, 'अवो, बरोबर बोलतेय ती.' मी म्हणायचो, 'तुला कसं कळलं? तुला येतं इंग्रजी?' खतिजा सुपातले खडे बघायला लागायची.

परीक्षेची दुसरी तारीख लागली आणि मला झोप येईना झाली. दिवसभर येरझाऱ्या घालायचो. रस्त्याने जाताना पाट्या वाचून त्यात कुठे द राहिलाय ते शोधायचो. एकदा नमाजला उभा राहिलो आणि मनात आलं, 'इन द आफ्टरनून', मग रात्रीचंच काय झालं? तौबा तौबा केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

परीक्षेला आठ-दहा दिवस राहिले असतील. मी मिरकरवाड्याला बांगडे आणायला गेलो होतो. रोज तिथे ओळखीच्यांशी तासभर बोलत बसतो, त्या दिवशी कशात मन लागेना म्हणून लगेच परतलो. मासळी धुवायला मागच्या परड्यातून शिरलो, तर माडांपलीकडून बाईमाणसाचा खणखणीत आवाज. इंग्रजीत. मला वाटलं टीव्ही लागलाय.

'व्हाय द मॉर्निंग? व्हाय नॉट द नाइट? इज द नाइट अ पुअर मॅन?'

आणि मग माझंच खेकसणं. हुबेहूब! 'लाऊडर! लाऊडर!' पलीकडून कोणीतरी फोनमध्ये खिदळत होतं. ती वेदिका होती.

मी माडाच्या आडोशाला उभा राहिलो. विहिरीच्या कठड्यावर झरीन बसली होती. ओढणी खांद्यावर, एक पाय हलवत, फोन समोर धरून हातवारे चाललेले. 'ही इज अ गुड मॅन,' ती म्हणाली, 'बट ही शाउट्स ऑल द टाइम. द होल स्ट्रीट नोज इंग्लिश नाऊ!'

मला राग यावा की हसू यावं कळेना. सासऱ्याची नक्कल करते! आणि काय झकास करते! अ आणि द सगळे जागच्या जागी. न अडखळता, न थांबता, मिरकरवाड्यातली कोळीण भाव सांगते तशी सपासप बोलत होती.

आता मी पुढे झालो ते नेहमीच्या सवयीने खाकरूनच. आमच्याकडे घरचा मोठा पुरुष आत येण्याआधी खाकरतो, म्हणजे बायकांना सावरून बसता येतं. मी खाकरलो आणि तो आवाज तिथल्या तिथे मेला. ओढणी कपाळावर आली, फोन खाली गेला, नजर अंगठ्यावर गेली. मी म्हटलं, 'बांगडे आणलेत.' तिने मान हलवली. माझ्यासमोर उभी होती ती ओठ हलवणारीच पोर.

दुसऱ्या दिवशी पहिला क्लास सुरू व्हायच्या आत मी वेदिकासमोर.

'खरं सांग. तो परीक्षा घेणारा साहेब कसा होता?'

वेदिका जरा घुटमळली. मग म्हणाली, 'म्हातारा होता, चाचा. पांढरी दाढी. झरीन म्हणते, समोर बसला आणि तिची मान आपोआप खाली गेली. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, मोठ्याने बोला, ऐकू येत नाही. ती आणखी हळू झाली.'

'माझ्यासारखा दिसत होता?'

'आता मी काय सांगू?'

तिला सांगायची गरजच नव्हती. मी महिनाभर घरात काय करत होतो? रोज संध्याकाळी पांढरी दाढी समोर धरून त्या पोरीला मान खाली घालायची तालीम देत होतो. रिक्षाने घरी येईपर्यंत मी स्वतःला जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

घरी आलो आणि खतिजाला सगळं सांगितलं. झरीनला बोलावलं. म्हटलं, 'आजपासून मी चुकणार आणि तू मला चुकलात म्हणून सांगणार. तोंडावर. माझ्याकडे बघून.'

झरीनने खतिजाकडे बघितलं.

'माझ्याकडे बघ, तिच्याकडे नको! आय हॅव द हेडेक. बरोबर?'

गप्प.

'आय गो टू द बेड ॲट द नाइट. बरोबर?'

तिच्या ओठांचे कोपरे हलले. बोलणार वाटेपर्यंत खाली बघितलंन.

'सांग की गो त्यांना,' खतिजा म्हणाली. 'चुकले तर चुकले म्हण. काय खातायत का तुला?'

पण दिवसांमागून दिवस गेले, तिच्या तोंडून 'चुकलात' निघेना. मी घरभर चुकीचं इंग्रजी बोलत फिरत होतो आणि ते ऐकून कोणी चूक म्हणेना. तिला अदब शिकवली होती तिच्या आईबापांनी. ती चांगली सून होती. कौतुकाने सांगायचो मी चारचौघांत, माझ्या सुनेचा आवाज उंबरठ्याबाहेर जात नाही म्हणून. आता त्याच कौतुकाचे चटके बसत होते.

शेवटचे दोन दिवस राहिले. उद्या तिचा भाऊ फैझान येणार आणि गाडीने तिला मुंबईला नेणार. त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता प्रेमाने होत नसेल तर चीड आणायची. जहाजावर नवा खलाशी शिडी चढायला घाबरला की मी त्याला असं काही बोलायचो, की रागाच्या भरात तो वर पोचायचा.

ती चहा घेऊन आली. मी कप घेतला नाही. सरळ इंग्रजीत सुरू झालो, माझ्या जहाजी इंग्रजीत.

'नो एक्झाम. आय टेल फैझान, नो कम. यू सिट हिअर. आमीर कम नेक्स्ट इयर, नॉट कम नेक्स्ट इयर, सेम थिंग. यू यंग. व्हॉट इज हरी?'

ती खाली बघत होती.

'आमीर ऑन फोन, यू ऑन फोन. व्हेरी गुड. व्हॉट इज हरी?'

'व्हॉट इज द हरी,' ती म्हणाली.

हळूच म्हणाली, पण म्हणाली. मग कप चौथऱ्यावर ठेवलान आणि मान वर केलीन. दोन वर्षं माझ्या घरात वावरणाऱ्या सुनेचे डोळे घारे आहेत हे मला त्या संध्याकाळी कळलं. ते भरून आले होते आणि थेट माझ्यावर रोखलेले होते.

'यू आर राँग, अब्बा!' ती ओरडली. शेजारच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढणारी बाई थबकली. 'यू वेंट टू सी. अँड अम्मा वेटेड. ऑल हर लाइफ शी वेटेड! आय सी हर एव्हरी डे. आय ॲम नॉट अम्मा. आय विल नॉट वेट. यू हिअर मी? आय विल नॉट!'

मला शाबास म्हणायचं होतं. ठरवलंच होतं तसं, की ओरडली रे ओरडली की टाळी वाजवायची. माझे हात मांडीवरच राहिले.

खतिजा तांदळाचं सूप बाजूला करून विचारत होती, 'काय म्हणाली? अवो, माझं नाव घेतलंन. काय म्हणाली?'

'काय नाय,' मी म्हटलं. 'लवकर जायचंय म्हणते नवऱ्याकडे.'

'अब्बा, तसं नाही म्हटलं मी,' झरीन म्हणाली. मराठीत, मोठ्याने, माझ्याकडे बघून.

आता तिला बोलतं मीच केलं होतं. मागे घ्यायला जागा नव्हती. मी खतिजाला एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. मी बोटीवर गेलो. तू वाट बघत बसलीस. जल्मभर. ती तुला रोज बघते. ती म्हणते मी अम्मा नाही, मी वाट बघणार नाही.

झरीनचा चेहरा एकदम पडला. 'अम्मा, मला तसं...' खतिजा उठली, तिच्या डोक्यावरून हात फिरवलान आणि आत निघून गेली. रात्री जेवायला वाढलंन. दुसऱ्या दिवशी फैझान आला, तेव्हा सुनेच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्यान, दुआ वाचून फुंकलंन. माझ्याशी मात्र अवाक्षर नाही.

परीक्षेच्या दिवशी मी घरात ठरलो नाही. जेटीवर गेलो, परत आलो. मशिदीत गेलो, परत आलो. नारळ पाडायला आलेल्या माणसाशी विनाकारण भांडलो. खतिजा तिचं काम करत होती. फोन वाजला तो तिने उचलला. ऐकलंन आणि माझ्यापुढे केलान. 'तुम्हाला मागतेय.'

सुनेने मला फोनवर मागायची ही पहिलीच वेळ.

'अब्बा, पास!' फोन कानापासून लांब धरावा लागला. 'तोच म्हातारा होता! हळू बोलत होता, मी त्याला म्हटलं, प्लीज, अ लिटल लाऊडर!'

मी काय काय ओरडलो आता आठवत नाही. माशाअल्लाह म्हटलं, शाबास म्हटलं, शेजारच्यांना कुंपणावरून सांगितलं, वेदिकाला फोन लावला, तिचा लागेना म्हणून तिलाच दोन शिव्या घातल्या. आमीरला लावला. तो रडत होता. मग आत आलो, तर खतिजा चुलीपुढच्या पाटावर बसून डोळे पुसत होती.

'अगो, पास झाली ती! रडतेस काय?'

'पास झाली म्हणून नाय रडत.'

'मग काय, जाणार म्हणून? जाऊ दे की. तिच्या घरी जातेय.'

खतिजाने पदर बाजूला केला. 'एक विचारू?' ती म्हणाली. 'मी अशी ओरडले असते, तुम्ही बोटीवर निघताना, दारात, लोकांदेखत. थांबला असतात?'

मला प्रत्येक गोष्टीला तिरकं उत्तर देता येतं. त्याबद्दल मी आख्ख्या राजिवड्यात प्रसिद्ध आहे. पण ती तिरक्या उत्तराची वेळ नव्हती. खोटं बोलावंसं वाटलं. ते ती ओळखणार हेही कळत होतं.

'नसतो थांबलो,' मी म्हटलं.

'ठाऊक होतं मला,' खतिजा म्हणाली. तिने चुलीवरच्या टोपाचं झाकण उचललं, भाताचं शीत बोटांत दाबून बघितलं. 'म्हणूनच कधी ओरडले नाय.'